उष्ण प्रदेशातील कलमी ॲव्होकॅडो

रायपूरहून धमतरीच्या वाटेने दक्षिणेस सुमारे तीस किलोमीटर गेले म्हणजे अभनपूर लागते. इ. स. १९०० च्या सुमारास घातलेल्या अरुंद मापाच्या जुन्या लोहमार्गाला येथूनच राजिमचा फाटा फुटत असे. भोसल्यांच्या राजवटीपासून या मुलुखाशी मराठी माणसाचा संबंध आहे, आणि १९५६ पर्यंत नागपूर ही या भागाचीही राजधानी होती. आसमंत सगळा भाताचा आहे. पाऊस बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो. मे महिन्यात पारा बेचाळीस अंशांच्या वर सहज जातो आणि दुपारी लू वाहते.

अशा भूमीत ॲव्होकॅडोचे झाड लावावे काय, असा प्रश्न आज अनेक शेतकरी विचारीत आहेत. फळाला शहरात चांगला भाव येतो व कलमी रोप महाग मिळते, या दोनही गोष्टी खऱ्या आहेत. परंतु भाव पाहून रोपे आणावीत आणि दुसऱ्या उन्हाळ्यात त्यांच्या वाळलेल्या काठ्या मोजाव्यात, असा प्रसंग येऊ नये, यासाठी या झाडाचा स्वभाव आधी समजून घेणे इष्ट होय.

फळ आणि त्याचे तीन वंश

ॲव्होकॅडो हे मेक्सिको व मध्य अमेरिका येथील मूळचे झाड. आपल्या परिचयाची दालचिनी व तमालपत्र ही त्याच कुलातील. विसाव्या शतकाच्या आरंभी ते श्रीलंकेतून दक्षिण भारतात आले आणि कोडगू, निलगिरी, वायनाड अशा थंड डोंगराळ भागांत कॉफीच्या मळ्यांच्या कडेने रुजले. तेथील लोक त्याला ‘बटर फ्रूट’ म्हणतात. फळाचा गर लोण्यासारखा मऊ असतो, म्हणून हे नाव सार्थच आहे. मराठीत मात्र त्याला अद्याप सर्वमान्य नाव लाभलेले नाही.

या झाडाचे तीन वंश मानले जातात. मेक्सिकन वंश उंच पर्वतावरचा. तो थंडी सोसतो आणि त्याच्या फळात तेल भरपूर असते. ग्वातेमालन वंश मध्यम उंचीवरचा. त्याची साल जाड असून फळ झाडावर पुष्कळ दिवस राहते. तिसरा वेस्ट इंडियन वंश समुद्रसपाटीजवळच्या उष्ण, दमट प्रदेशातला. त्याचे फळ मोठे असते व त्यात तेल कमी असते. परंतु उष्णता व क्षार सोसण्यात तो इतर दोघांपेक्षा काटक आहे.

बाजारात नावाजलेली ‘हास’ ही जात ग्वातेमालन व मेक्सिकन या दोन वंशांच्या संकरातून आलेली आहे. म्हणजे मोठा भाव जिला मिळतो, ती जात नेमकी उष्ण सपाट प्रदेशासाठी घडलेली नाही. अभनपूरच्या शेतकऱ्याची पहिली अडचण येथेच सुरू होते, आणि कलमाचे महत्त्वही येथेच दिसून येते.

कलम कशासाठी

ॲव्होकॅडोच्या बीपासून आलेले झाड आईसारखे निघत नाही. शिवाय अशा झाडाला फळ धरण्यास सहा-सात वर्षे आणि कधी त्याहूनही अधिक काळ लागतो. कलमी झाड तिसऱ्या-चौथ्या वर्षी फळाला येते व फळ अपेक्षेप्रमाणे मिळते. कोकणातील हापूसच्या कलमांमागेही हाच न्याय आहे.

या संदर्भात हास जातीची जन्मकथा उद्‌बोधक आहे. कॅलिफोर्नियातील रुडॉल्फ हास या टपाल खात्यातील कर्मचाऱ्याने १९२० नंतरच्या दशकात काही रोपे लावली. त्यांपैकी एका रोपावर बांधलेले कलम पुनःपुन्हा फसले. शेवटी त्याने ते रोप तसेच वाढू दिले, आणि त्या बिजू झाडालाच उत्तम फळे आली. १९३५ साली त्याने त्या जातीचे एकस्व घेतले. आज जगातील व्यापारी ॲव्होकॅडोचा फार मोठा भाग त्या एकाच झाडाच्या काड्यांपासून उतरलेला आहे. मूळ झाड मात्र २००२ साली मूळकुजीने गेले. कलमाचे सामर्थ्य आणि मुळांचे दौर्बल्य या दोन्ही गोष्टी या एका झाडाच्या चरित्रात दिसतात.

खुंट आणि काडी

कलम म्हणजे दोन झाडांची भागीदारी होय. खालचा खुंट जमिनीशी व्यवहार करतो, वरची काडी फळ देते. उष्ण प्रदेशात खुंट वेस्ट इंडियन वंशाचा असणे श्रेयस्कर. इस्रायलमधील बागाइतदारांनी हे तत्त्व फार पूर्वी ओळखले. तेथील पाण्यात क्षार जास्त व माती चुनखडीची. म्हणून त्यांनी वेस्ट इंडियन खुंटांची निवड करून त्यांवर हाससारख्या जाती बांधल्या. आपल्याकडे मध्य भारतातही असा प्रयत्न झाला आहे. भोपाळ येथे या दशकात इस्रायलहून आणलेल्या कलमी रोपांची बाग उभी राहिली आहे.

खुंटासाठी बी ताजे हवे. फळातून काढलेले बी वाळू दिल्यास काही आठवड्यांतच त्याची उगवणशक्ती जाते; म्हणून ते धान्याच्या बियांसारखे साठवता येत नाही. रुंद बाजू खाली आणि निमुळते टोक वर ठेवून, टोक थोडे उघडे राहील असे ते पिशवीत लावावे. रोप शिसपेन्सिलीएवढे जाड झाले म्हणजे कलमास योग्य होते.

काडी निवडताना फांदीच्या शेंड्यावरील डोळे फुगलेले पण न फुटलेले असावेत. पाने देठ ठेवून कापावीत आणि काडी ओल्या फडक्यात गुंडाळून शक्य तितक्या लवकर वापरावी. खुंटाचा शेंडा छाटून मधोमध उभी चीर द्यावी, काडीचा खालचा भाग दोन्ही बाजूंनी तासून पाचरीसारखा करावा व त्या चिरेत बसवावा. साल व काष्ठ यांच्यामध्ये एक कोवळा वर्धनशील थर असतो. दोन्ही भागांचे हे थर निदान एका बाजूने तंतोतंत जुळले, तरच सांधा धरतो. म्हणून काडी खुंटापेक्षा बारीक असल्यास ती मध्यभागी न ठेवता एका कडेला सरकवून बसवावी. नंतर प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधून रोप सावलीत ठेवावे. तीन-चार आठवड्यांत डोळे हलू लागतात. कडक उन्हाळा व ऐन थंडी यांत हे काम करू नये.

येथे एका फसवणुकीचा उल्लेख करणे अवश्य आहे. कलमाच्या सांध्याखालून खुंटाला फुटवे येतात. ते वेळीच खुडले नाहीत, तर खुंट जोर धरतो व काडी मरते. शेतात लावल्यानंतर तर हा धोका अधिक असतो: मे महिन्यात वरची काडी वाळते, पावसाळ्यात खालून हिरवीगार फूट येते आणि झाड वाचले म्हणून मालक आनंदित होतो. वास्तविक कलम तेव्हाच मेलेले असते. पुढे कित्येक वर्षे तो एका बिजू झाडाला खतपाणी घालीत राहतो. म्हणून सांधा जमिनीच्या वर, डोळ्यांस दिसेल असा ठेवावा आणि दर पंधरवड्यास फूट कोठून येते ते पाहावे.

कोणती जमीन

छत्तीसगढच्या सपाटीतील शेतकरी आपल्या जमिनीचे चार प्रकार ओळखतो: भाटा, मटासी, डोरसा आणि कन्हार. उंचवट्यावरची मुरमाड, तांबूस जमीन ती भाटा. खोलगटातली काळी, चिकण जमीन ती कन्हार. मटासी व डोरसा या दोहोंच्या मधल्या पायऱ्या आहेत. भातासाठी कन्हार मोलाची, भाटा हलकी, असा येथील हिशेब. ॲव्होकॅडोच्या बाबतीत हा हिशेब उलटा होतो.

याचे कारण मुळांत आहे. या झाडाची अन्न शोषणारी मुळे जमिनीच्या वरच्या थरातच पसरतात व त्यांना केशमुळे फारच थोडी असतात. त्यांना हवा सतत लागते. पाणी साचले की ती गुदमरतात, आणि त्याच ओलीत फायटॉफ्थोरा नावाचा बुरशीसदृश सूक्ष्मजीव पोहत येऊन त्यांत शिरतो. मुळे काळी पडून कुजतात, पाने लहान व फिकट होतात, शेंडे वाळतात. जगभर या झाडाचा सर्वांत मोठा शत्रू हाच होय. रोगी झाड सुकलेले दिसते म्हणून मालक आणखी पाणी देतो, आणि त्याचा अंत अधिकच जवळ येतो.

म्हणून कन्हार वर्ज्य समजावी. भातखाचराच्या बांधालगत आणि कालव्याच्या पाझराखाली येणारी जमीनही नको. भाटा निचऱ्याची असली तरी तिच्यात कस नसतो व काही ठिकाणी खाली मुरमाचा कठीण थर असतो. तेव्हा आधी परीक्षा करावी. हात-दीड हात खोल खड्डा खणून पाण्याने भरावा. ते जिरल्यावर पुन्हा भरावा. दुसऱ्या दिवशीही खड्ड्यात पाणी दिसले, तर तेथे झाड लावू नये.

जागा योग्य ठरली तरी खड्ड्यात रोप पुरण्यापेक्षा माती व कुजलेले शेणखत मिसळून गुडघाभर उंचीचा, रुंद पसरट उंचवटा करावा व त्यावर रोप लावावे. म्हणजे श्रावण-भाद्रपदातील पाणी मुळांपाशी न थांबता वाहून जाते.

उन्हाळ्याशी सामना

आपल्याकडे झाडे पहिल्या पावसात लावण्याची रूढी आहे. येथे ती मोडणे बरे. पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरात रोप लावल्यास ते भर पावसातील दलदलीतून वाचते आणि मे महिना येण्यापूर्वी त्याला मुळे पसरण्यास सहा-सात महिने मिळतात.

पहिले दोन-तीन उन्हाळे सावली अपरिहार्य आहे. दक्षिण व पश्चिम बाजूंनी शेडनेट किंवा तट्ट्या लावाव्यात. पानमळ्यात शेवरी, शेवगा व पांगारा यांच्या सावलीत नागवेल वाढविण्याची कला मराठी शेतकऱ्याला ठाऊक आहे. तीच येथे उपयोगी पडते. ॲव्होकॅडोची साल उन्हाने भाजते, म्हणून खोडाला व उघड्या फांद्यांना पातळ चुना लावावा. पांढरा रंग ऊन परतवितो.

जमीन मात्र कधी उघडी ठेवू नये. भाताचा पेंढा, ज्याला येथे पैरा म्हणतात, तो अभनपुरात मुबलक असतो. त्याचा वीतभर थर झाडाभोवती अंथरावा, पण खोडापासून चार बोटे दूर ठेवावा. नाहीतर खोड कुजते. भाटा जमिनीत वाळवीचा उपद्रव असल्यास थर अधूनमधून उचलून पाहावा. पाणी थोडे व वरचेवर द्यावे. ठिबक पद्धत याला सर्वांत योग्य. एकदम भरपूर व मग आठवडाभर काहीच नाही, ही रीत या उथळ मुळांना मानवत नाही. पानांची टोके व कडा करपू लागल्यास पाण्यातील क्षार किंवा रासायनिक खताचा अतिरेक यांचा संशय घ्यावा.

फुलांचा विलक्षण नियम

ॲव्होकॅडोच्या प्रत्येक फुलात स्त्रीकेसर व पुंकेसर दोन्ही असतात. पण ते एकाच वेळी कार्यक्षम नसतात. फूल दोनदा उमलते. ‘अ’ गटाचे फूल पहिल्या दिवशी सकाळी मादी म्हणून उघडते, मिटते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी नर होऊन पुन्हा उमलते. ‘ब’ गटाचे फूल दुपारी मादी असते व दुसऱ्या दिवशी सकाळी नर. एका झाडावरील सारी फुले बहुतांशी एकाच तालात चालतात, म्हणून दोन्ही गटांची झाडे जवळ असली तर परागण चांगले होते.

हास ‘अ’ गटातील, फुएर्ते ‘ब’ गटातील. उष्ण प्रदेशास जवळच्या वेस्ट इंडियन जातींपैकी सिमंड्स व वाल्डिन ‘अ’, तर पोलॉक ‘ब’ गटात मोडते. परागण मधमाश्या व इतर कीटक करतात. बहर असताना कीटकनाशक फवारणे म्हणजे आपलेच पीक मारणे होय. तरीही हजारातील एखादेच फूल फळापर्यंत पोचते. उष्ण, कोरडा वारा सुटला तर स्त्रीकेसराचा ओलावा जातो आणि तेवढेही हाती लागत नाही.

येथे जातीचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. वेस्ट इंडियन जातींची फळे साधारणतः पाच ते आठ महिन्यांत तयार होतात. वसंतात धरलेले फळ पुढचा उन्हाळा येण्यापूर्वी उतरते. ग्वातेमालन वंशाची फळे नऊ महिने ते वर्षभर किंवा अधिकही काळ झाडावर राहतात आणि झाडाला जुनी फळे व नवा बहर यांचा भार एकाच वेळी वाहावा लागतो. मे महिन्यात हा दुहेरी भार जड जातो. कोडगूतील चेट्टळ्ळी येथील केंद्रीय उद्यानविद्या केंद्राने ‘अर्का सुप्रीम’सारख्या भारतीय निवडी पुढे आणल्या आहेत, त्यांचीही परीक्षा सपाटीवर होणे अगत्याचे आहे.

मग लावावे काय?

उत्तर होकारार्थी आहे, पण मर्यादित. एकराची बाग एकदम उभारण्याऐवजी दहा-बारा कलमे लावावीत. त्यांत दोन-तीन जाती आणि दोन्ही फुलगट असावेत. रोपे विकत घेताना जातीचे नाव विचारावे आणि खुंट कोणत्या वंशाचा हेही विचारावे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर जो देऊ शकत नाही, त्याच्याकडून महागडी रोपे घेण्याची घाई करू नये. जमिनीच्या व पाण्याच्या तपासणीसाठी रायपूर येथे १९८७ साली स्थापन झालेले इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालय जवळच आहे.

प्रत्येक झाडाची नोंद एका वहीत ठेवावी: लावणीचा दिवस, पहिली फूट, पहिला मे, पहिला श्रावण. झाड मेले तर उपटून मुळे पाहावीत. मुळे काळी व कुजकी असतील, तर पाण्याने मारले. पांढरी, टणक पण वाळकी असतील, तर उन्हाने मारले. पहिल्या दोषाला उपाय उंचवटा व निचरा, दुसऱ्याला सावली व पेंढा. हा भेद ज्याला कळला, त्याचे मेलेले झाडही वाया गेले नाही.

एक शेवटची सूचना. ॲव्होकॅडो झाडावर पिकत नाही. ते तयार होते आणि तोडल्यावर काही दिवसांनी मऊ पडते. म्हणून पहिल्या वर्षी एक फळ तोडून घरात ठेवावे. ते सुरकुतले तर अद्याप अवकाश आहे. एकसारखे मऊ पडले तर तोडणीची वेळ झाली असे समजावे. आंब्याच्या पाडाची वाट पाहण्याची सवय असलेल्या माणसाला हे नवे वाटेल. पण नव्या झाडाने आपल्या सवयी शिकाव्यात अशी अपेक्षा करण्यापेक्षा आपण त्याच्या सवयी शिकणे, हेच बागाइतीचे पहिले सूत्र होय.