साउदॅम्प्टनवरील हवाई हल्ला आणि स्पिटफायरचा कारखाना

दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी ब्रिटनचे स्पिटफायर हे लढाऊ विमान प्रामुख्याने साउदॅम्प्टन शहरात तयार होत असे. इचेन नदीकाठच्या वूल्स्टन भागात सुपरमरीन कंपनीचे दोन कारखाने होते. नदीलगत असल्यामुळे ते आकाशातून सहज ओळखू येत. विमानाचे आराखडे, सुटे भाग जुळवण्याचे साचे आणि कसबी कामगार असे सारे एकाच जागी एकवटले होते. धोका होता तो यातच.

सप्टेंबर १९४० मध्ये जर्मन हवाई दलाने या कारखान्यांना लक्ष्य केले. २४ सप्टेंबरच्या हल्ल्यात इमारतींचे नुकसान बेताचे झाले, पण निवाऱ्यांकडे धावलेले अनेक कामगार प्राणाला मुकले. दोनच दिवसांनी, २६ तारखेला, बॉम्बफेकी विमानांच्या मोठ्या ताफ्याने दोन्ही कारखाने उद्ध्वस्त केले. या दोन हल्ल्यांत कारखान्यात आणि आसपासच्या वस्तीत मिळून शंभराहून अधिक माणसे दगावली. उत्पादन ठप्प झाले.

ढिगारे उपसल्यावर मात्र बरीचशी यंत्रे आणि साचे शाबूत असल्याचे आढळले. स्फोटाच्या दाबाने काचा फुटतात, पत्रे उडतात, छप्पर कोसळते. जमिनीत पक्की बसवलेली जड यंत्रे पुष्कळदा तग धरतात. त्यामुळे इमारत गेली तरी उत्पादनाची साधने हाती राहिली.

विमान उत्पादन मंत्री लॉर्ड बीव्हरब्रूक यांनी कारखाना विखरून टाकण्याचा निर्णय घेतला. यंत्रे साउदॅम्प्टन, सॉल्झबरी, ट्रोब्रिज आणि रेडिंग येथील मोटार गॅरेज, बस डेपो, धुलाई केंद्रे अशा जागी हलवली गेली. आराखड्यांचा विभाग पुढे हर्स्ली पार्क या हवेलीत गेला. ठिकठिकाणी बनलेले पंख आणि सांगाडे विमानतळांवर आणून जोडले जात. मालाची ने-आण व देखरेख अवघड झाली, पण एका हल्ल्यात सगळे काम बंद पडण्याची भीती उरली नाही.

बर्मिंगहॅमजवळच्या कॅसल ब्रॉमिच कारखान्याचाही मोठा आधार होता. तेथे १९४० च्या उन्हाळ्यातच स्पिटफायर बनू लागले होते. सर्व ठिकाणी मिळून एकूण वीस हजारांहून अधिक स्पिटफायर तयार झाले. यंत्रांची जागा बदलता आली, गॅरेज-डेपोंतून कामही उभे राहिले. गेलेल्या कामगारांची उणीव मात्र त्यांच्या कुटुंबांना आणि शहराला कायमची सोसावी लागली.