रस्त्यावरील पाटीचा खांब

श्रोतेहो, रस्त्यावरील पाटी सर्वजण वाचतात. तिला धरून उभ्या असलेल्या खांबाकडे मात्र कोणी पाहत नाहीं. मी ज्या शाळेंत शिक्षक होतों, तिच्या अलीकडील वळणावर 'पुढें शाळा आहे' अशी पाटी होती. एका पावसाळ्यांत ती कलली व पुढें कित्येक महिने गवतांत पडून राहिली. तेवढे दिवस आम्ही शिक्षक आळीपाळीनें रस्त्यावर उभे राहून मुलांस पलीकडे नेत असूं. तो खांब कां पडला, या प्रश्नांतून आजचा विषय निघाला आहे.

पहिला विचार जमिनीचा. आपल्या नंदुरबार जिल्ह्यांत शहादा-तळोद्याकडील काळी जमीन पावसांत फुगते आणि उन्हाळ्यांत भेगाळते. तींत नुसता पुरलेला खांब दरवर्षीं थोडा थोडा सैल होतो. आमचा खांब असाच पडला. अशा जमिनींत खड्डा खोल घ्यावा, तो काँक्रीटनें भरावा, आणि पायाचा माथा उतरता ठेवावा. म्हणजे बुंध्याशीं पाणी सांचत नाहीं. तोरणमाळच्या घाटांत मात्र कातळ लागतो. तेथें खडकांतच भोंक पाडून खांब घट्ट बसवावा लागतो.

दुसरा विचार वाऱ्याचा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, तर दाब चौपट होतो. ताशीं ७२ किलोमीटरच्या वाऱ्याचा एक चौरस मीटर पाटीवर सुमारें २५ किलोंचा भार पडतो. ताशीं १४४ किलोमीटरला तोच १०० किलोंचा होतो. पाटी जितकी उंच, तितका बुंध्यावरील ताण अधिक. म्हणून वळणाच्या लहान त्रिकोणी पाटीस एक खांब पुरतो. गांवांचीं नांवें व अंतरें दाखविणाऱ्या रुंद फलकास दोन हवेत, नाहींतर तो पिळवटतो.

तिसरा विचार द्रव्याचा. सागाचें लांकूड टिकाऊ खरें, परंतु जेथें तें जमिनींतून वर येतें, तेथेंच ओल व हवा मिळून प्रथम कुजतें. जस्त चढविलेली लोखंडी नळी बरी. मात्र तिचें वरचें तोंड बंद करावें. तें उघडें राहिल्यास पावसाचें पाणी आंत उतरतें आणि बाहेरून रंग शाबूत असतांना नळी आंतून गंजते.

शेवटचा विचार माणसाचा. खांब जितका भक्कम तितका चांगला, असें आपणांस वाटतें. तें खरें नाहीं. रात्रीं मोटारसायकल घसरली, तर रुळाच्या तुकड्याचा खांब स्वाराचा प्राण घेईल. वाऱ्यास पुरून उरावा, पण वाहनाच्या धडकेनें मोडावा, असा खांब उत्तम. परदेशांत त्यासाठीं बुंध्याशीं सुटणारे सांधे बसवितात. आपल्याकडे निदान खांब रस्त्याच्या कडेपासून दूर असावा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या संहितेनें त्यावर २५ सेंटिमीटर रुंदीचे काळे-पांढरे पट्टे सांगितले, ते तो दुरून दिसावा म्हणूनच. ही संस्था १९३४ सालीं निघाली. तिचें मूळ १९२७ सालीं नेमलेल्या रस्तेसमितीच्या शिफारशींत होतें, व त्या समितीचे अध्यक्ष आपले मुकुंदराव जयकर होते.

श्रोतेहो, शाळेच्या वळणावरील खांब कधीं हातानें हलवून पाहा. तो हलला, तर तो पडण्यापूर्वींच संबंधितांस कळवा. पाटी पडल्यावर ती वाचतां येत नाहीं, आणि मुलें तर रोज रस्ता ओलांडतात.