स्क्रीन फुटली म्हणजे हिशोब बुडाला असं नाही

आज लॅपटॉपबद्दल बोलू या. आता बऱ्याच गटांचे, ग्रामसंघांचे हिशोब त्यात असतात. वही फाटली तर चिकटवता येते, पण लॅपटॉपची स्क्रीन फुटली की आपले हातपाय गळतात.

आमच्याकडं तसंच झालं. लेखापाल ताईनं काम संपवून झाकण मिटलं, आणि आत पेन राहिला होता. उघडून बघते तर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा आणि कोपऱ्यात शाई सांडल्यासारखा डाग. ती इतकी घाबरली की चार दिवस कुणाला बोललीच नाही. पाचव्या दिवशी बँकेत कर्जाची कागदं द्यायची होती, तेव्हा रडत रडत सांगितलं. मी आधी चिडले, खोटं कशाला बोलू? पण ती रागावण्याच्या भीतीनं गप्प बसली, आणि तेवढे दिवस आपलेच वाया गेले. म्हणून पहिली गोष्ट ही, की ज्याच्या हातून झालं त्याला बोल लावत बसू नका.

दुसरी गोष्ट समजून घ्या. स्क्रीन फक्त दाखवायचं काम करते. आपला हिशोब साठवलेला असतो आतल्या डिस्कवर. लॅपटॉप एचडीएमआय केबलनं टीव्हीला जोडा. चित्र दिसलं नाही तर विंडोजचं बटण धरून पी दाबून बघा. टीव्हीवर सगळं नीट दिसलं, तर आतलं काम चालू आहे, बिघाड बहुधा स्क्रीनमध्ये किंवा तिच्या वायरीत आहे. आम्ही शेजारच्या टीव्हीला जोडलं, सगळ्या नोंदी दिसल्या, आणि लगेच पेनड्राइव्हवर उतरवून घेतल्या.

काच फुटलेली नसेल आणि पडदा नुसता काळा असेल, तर अंधारात त्यावर बॅटरीचा उजेड तिरका पाडा. पुसट चित्र दिसलं तर मागचा उजेड गेलेला असतो. फुटलेल्या काचेवर बोट मात्र दाबू नका. डाग पसरतो आणि हाताला काच लागते.

आता दुरुस्ती. आधी बिल काढा. गॅरंटी असली तरी पडून, दाबून फुटलेली स्क्रीन त्यात सहसा बसत नाही. घेताना वेगळा विमा काढला असेल तर तो बघा. कंपनीच्या केंद्राचा नंबर इंटरनेटवर शोधून पहिला दिसेल तो लावू नका. खोटे नंबर टाकून फसवणारे बसलेत. बिलावरचा, खोक्यावरचा किंवा कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरचा नंबर घ्या. समोरच्यानं ओटीपी मागितला किंवा मोबाइलमध्ये एखादं ॲप टाकायला सांगितलं, तर फोन ठेवून द्या. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन करा.

आम्ही दोघी मिळून लातूरला गेलो. पहिल्या दुकानात न उघडताच सांगितलं, "मदरबोर्ड गेलाय, ठेवून जा." टीव्हीवर चाललेलं आम्ही डोळ्यानं बघितलं होतं, म्हणून फसलो नाही. लॅपटॉप उचलला आणि बाहेर पडलो. दुसऱ्यानं आमच्यासमोर दुसरी स्क्रीन लावून दाखवली, भाव लिहून दिला. काम त्यालाच दिलं.

दुकानात या गोष्टी कागदावर घ्या: लॅपटॉपचा मॉडेल आणि सिरीयल नंबर, काय बदलणार, नवीन पॅनेल की जुनं वापरलेलं, एकूण खर्च, कधी मिळणार, आणि किती महिन्यांची गॅरंटी. फुटलेलं पॅनेल परत मागा. पासवर्ड देऊ नका. स्क्रीन बसली की नाही ते पासवर्ड मागणाऱ्या पानावरही कळतं. त्यात आपल्या बायांचे आधार, पासबुकांचे फोटो असतात. ती त्यांची ठेव आहे. घेताना पूर्ण पांढरं आणि पूर्ण काळं चित्र लावून ठिपका, रेघ आहे का बघा, झाकण दोन-चारदा उघडमीट करा, आणि मगच पैसे द्या. पक्कं बिल घ्या.

एवढं करूनही काम वाईट निघालं, तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. तिथं मराठीत बोलता येतं. तरी भागलं नाही तर लातूरला जिल्हा ग्राहक आयोग आहे. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीची फी लागत नाही, पण तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. तिथं बिलच आपल्या बाजूनं बोलतं.

गटात आपण दहा रुपयेसुद्धा नोंद केल्याशिवाय कुणाला देत नाही. मग दुकानात का लाजायचं? "भाऊ, लिहून द्या," एवढंच म्हणायचं. खरा कारागीर त्याचा राग धरत नाही.

आमचा लॅपटॉप चालू झाला, कर्जाची कागदंही बँकेत गेली. आता दर बैठकीनंतर पेनड्राइव्हवर नोंदी उतरवतो, आणि झाकण मिटण्याआधी कीबोर्डवरून हात फिरवतो. तुम्हीही या बैठकीत एवढे दोन ठराव लिहून घ्या.