चूक दुरुस्त व्हायला किती दिवस लागतात?

वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यातले गिरड शेख फरीद बाबांच्या टेकडीमुळे विदर्भभर ओळखले जाते. या परिसरात कापूस, सोयाबीन आणि तूर पिकते, आणि इथल्या शेतकऱ्याचा शासनाशी येणारा जवळजवळ प्रत्येक संबंध आता संगणकातून जातो. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १ मे २०१८ पासून मिळू लागला. १५ ऑगस्ट २०२१ पासून पीकपेऱ्याची नोंद शेतकऱ्याने स्वतः बांधावर उभे राहून, पिकाचा फोटो काढून ई-पीक पाहणीच्या ॲपवर करायची, असे ठरले. १५ एप्रिल २०२५ पासून कृषी विभागाच्या योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला आणि त्याच वर्षीच्या हंगामात भारतीय कापूस महामंडळाला (सीसीआय) हमीभावाने कापूस विकण्यासाठी ‘कपास किसान’ ॲपवरची नोंदणी आली. एवढी यंत्रे आल्यावर यंत्रणा सुधारली का, हा प्रश्न विचारायलाच हवा. माझे उत्तर असे की, कार्यालयाचा वेग वाढला म्हणजे कारभार सुधारला असे होत नाही. संगणकात शिरलेली चूक किती दिवसांत दुरुस्त होते आणि आत साठवलेली माहिती कोणाकोणाच्या हाती पडते, या दोन कसोट्यांवरच त्याचा निकाल लागतो.

जे मिळाले ते नाकारण्यात अर्थ नाही. हाताने लिहिलेल्या सातबाऱ्याच्या काळात उताऱ्यासाठी तलाठ्याची वाट पाहावी लागे, खाडाखोड करता येई, आणि फेरफार कोणाचा आधी घ्यायचा हे बऱ्याचदा ओळखीपाळखीवर ठरे. आज दुय्यम निबंधकाकडे खरेदीखत नोंदले गेले की त्याची माहिती ई-फेरफार प्रणालीतून थेट तलाठ्याकडे जाते. संबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवस मिळतात आणि मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. कोणती नोंद कोणत्या टप्प्यावर अडली हे दिसते. हा बदल मोठा आहे आणि जुन्या दप्तराकडे परत जा, असे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. पण नोंद घेण्याचा रस्ता जितका रुंद आणि सरळ झाला, तितका नोंद सुधारण्याचा झाला नाही.

हे फक्त आपल्याकडे घडले असे नाही. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट सोलो यांनी १९८७ मध्येच लक्षात आणून दिले होते की संगणक सगळीकडे दिसतात, पण उत्पादकतेच्या आकडेवारीत त्यांचा परिणाम दिसत नाही. पॉल डेव्हिड या आर्थिक इतिहासकाराने १९९० मध्ये त्याची संगती विजेच्या इतिहासातून लावली. कारखान्यांत वीज एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आली, तरी उत्पादकतेतली खरी झेप १९२० च्या दशकात दिसली. सुरुवातीला मालकांनी वाफेच्या एका मोठ्या इंजिनाच्या जागी विजेची एक मोठी मोटर बसवली. पट्टे, दांडे, यंत्रांची मांडणी सगळे तसेच राहिले. प्रत्येक यंत्राला स्वतंत्र मोटर देऊन कारखान्याची रचनाच बदलली, तेव्हा लाभ पदरात पडला. संगणकालाही हेच लागू होते. कामाची पद्धत तीच ठेवून त्यावर संगणक बसवला तर जुने दोष फक्त अधिक वेगाने घडतात.

आपल्याकडे हे दोष कसे घडतात ते नावाच्या जुळणीत स्पष्ट दिसते. सातबाऱ्यावर नाव मराठीत, आधारवर मराठी आणि इंग्रजी दोन्हींत, बँकेच्या खात्यावर इंग्रजीत. विठ्ठलमधला ‘वि’ इंग्रजीत लिहिताना एका कारकुनाने ‘आय’ वापरला, दुसऱ्याने ‘डबल ई’. एकीकडे वडिलांचे पूर्ण नाव, दुसरीकडे नुसते आद्याक्षर. सातबाऱ्यावर ‘विठोबा’, आधारवर ‘विठ्ठलराव’. गावात कोणालाही शंका येणार नाही की माणूस एकच आहे. संगणकाला मात्र ही दोन माणसे वाटतात. जुळणीची अट सैल केली तर भलत्याच माणसाला पैसे जातात, घट्ट केली तर खरा हक्कदार बाहेर राहतो. दोन्ही चुका एकदम शून्यावर आणणारी अट गणितात नाही. त्यात आता एकेका लाभासाठी जमिनीची नोंद, आधार, मोबाइल, बँक खाते आणि पीकपेरा अशा पाच नोंदी एकमेकींशी जुळाव्या लागतात. प्रत्येक नोंद ९८ टक्के बिनचूक आहे आणि त्यांतल्या चुकांचा एकमेकींशी संबंध नाही असे धरले, तर पाचही ठिकाणी बरोबर असलेले शेतकरी शंभरात फक्त ९० उरतात. एकही खाते निष्काळजी नसताना दर दहातला एक शेतकरी ‘नाव मॅच होत नाही’ किंवा ‘केवायसी अपूर्ण’ या शेऱ्याखाली अडकतो.

हे गणित महाराष्ट्राने प्रत्यक्ष अनुभवले आहे. जून २०१७ मध्ये छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना जाहीर झाली. कर्जमाफीचा आकडा ३४ हजार कोटींचा होता आणि प्रत्येक शेतकऱ्याने ऑनलाइन अर्ज भरायचा होता. केंद्रांवर रांगा लागल्या, सर्व्हर बंद पडत राहिला. ऑक्टोबरमध्ये वाटप सुरू झाल्यावर एकच आधार क्रमांक अनेक शेतकऱ्यांच्या नावापुढे असल्यासारख्या चुका बँकांना आढळल्या आणि वाटप रेंगाळले. दोनच वर्षांनी, डिसेंबर २०१९ मध्ये महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना आली. आधार तेच, बँका त्याच, शेतकरीही बहुतांश तेच. पण या वेळी शेतकऱ्याकडून अर्ज मागवला नाही. कर्जखात्यांची माहिती बँकांनी भरली. फेब्रुवारी २०२० मध्ये आधी राज्यातल्या ६८ गावांची यादी लावून पद्धत तपासून पाहिली. शेतकऱ्याने यादीतले नाव आणि रक्कम पाहून आधार पडताळणी करायची, आणि आकडा मान्य नसेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे तक्रार करायची, अशी सोय ठेवली. ही योजना बऱ्याच कमी खोळंब्याने पुढे गेली. दुसऱ्या योजनेचे निकष सोपे होते, असा आक्षेप कोणी घेईल आणि तो बरोबरच आहे. पण निकष सोपे करणे, छोट्या प्रमाणात आधी चाचणी घेणे आणि तक्रारीची वाट पहिल्या दिवसापासून आखणे हीच तर कामाची फेररचना आहे. तंत्रज्ञान दोन्ही वेळी जवळजवळ सारखेच होते.

चुकीचा भार कोणावर पडतो हे पाहिल्याशिवाय कामगिरीचा हिशेब पूर्ण होत नाही. चुकीची नोंद एका क्षणात होते; ती सुधारायला गिरडच्या माणसाला समुद्रपूरची तहसील गाठावी लागते. तिथे काम झाले नाही तर हिंगणघाटचे उपविभागीय कार्यालय आणि त्यापुढे वर्धा. सातबाऱ्यातली लेखनातली चूक सुधारण्यासाठी जमीन महसूल संहितेत कलम १५५ आहे, पण त्यासाठी अर्ज, पुरावे आणि हेलपाटे शेतकऱ्यानेच करायचे. बुडालेली मजुरी, प्रवासखर्च, हातातून गेलेला पेरणीचा दिवस यातले काहीही कार्यालयाच्या अहवालात येत नाही. तिथे दिसते ती फक्त निकाली काढलेल्या अर्जांची संख्या. संगणक सांगतो तेच खरे, असे गृहीत धरले की काय होते हे ब्रिटनच्या टपाल खात्याने दाखवले. तिथल्या ‘होरायझन’ या हिशेब प्रणालीने खोटी तूट दाखवली आणि १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून अधिक छोटे पोस्टचालक गुन्हेगार ठरले. काहींना तुरुंगवास झाला, अनेकांची घरेदारे गेली. प्रणालीतच दोष होते हे उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये मान्य केले. त्या शिक्षा एकगठ्ठा रद्द करण्यासाठी २०२४ मध्ये संसदेला कायदा करावा लागला. जिथे माणसाच्या सांगण्यापेक्षा पडद्यावरच्या आकड्याला जास्त वजन मिळते, तिथे प्रामाणिक माणूस असाच भरडला जातो.

धोक्याचे स्वरूपही बदलले आहे. दप्तर जळाले तर एका गावाचे नुकसान होई. केंद्रीकृत प्रणालीत एक भोक सगळ्यांना पुरते. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये काढले गेले. चोरांनी ग्राहकांच्या खात्यांना हातही लावला नाही. एटीएममधून पैसे द्यायचे की नाही हे विचारणारा संदेश बँकेच्या ज्या यंत्रणेकडे जातो, तिच्या जागी त्यांनी आपली बनावट यंत्रणा उभी केली, आणि ती प्रत्येक मागणीला ‘हो’ म्हणत राहिली. २८ देशांतल्या एटीएममधून काही तासांत रोकड निघाली. केंद्रीकरणाचे समर्थक म्हणतात की गावागावांत सुरक्षातज्ज्ञ नेमता येत नाहीत, म्हणून माहिती एका ठिकाणी ठेवून तिथे कडक पहारा देणेच शहाणपणाचे आहे. हे म्हणणे खरे आहे. पण त्यामुळे घटना कमी झाल्या तरी प्रत्येक घटनेचा आकार वाढतो. म्हणून जी माहिती कामाला लागत नाही ती गोळाच न करणे आणि काम झाल्यावर पुसणे, हाही सुरक्षेचाच भाग आहे.

खासगीपणाचा मुद्दा निघाला की ‘खेड्यात कोणाचे काय लपते?’ असे म्हटले जाते. गावाला एकमेकांची जमीन, पीक आणि कर्ज ठाऊक असते हे खरे. पण ती ओळख दोन्ही बाजूंची असते आणि गावाच्या वेशीत राहते. संगणकातून बाहेर पडलेली माहिती अशा अनोळखी माणसाच्या हाती पडते, ज्याच्याबद्दल आपल्याला काहीच माहीत नसते. २०१७ मध्ये सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटीच्या अभ्यासात चार शासकीय संकेतस्थळांवर १३ कोटींच्या आसपास आधार क्रमांक उघडे पडल्याचे दिसले. २०२२ मध्ये पीएम-किसानच्या संकेतस्थळाच्या एका भागातून शेतकऱ्यांचे आधार क्रमांक पाहता येतात हे एका संशोधकाने दाखवले. पुढे तो दोष दुरुस्त झाला. याच योजनेच्या नावाने व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या एपीके फाइलविरुद्ध पोलिसांना वारंवार इशारे द्यावे लागले आहेत. फाइल उघडली की ओटीपीचे संदेश ठगाकडे जातात आणि खाते रिकामे होते. ज्याला आपले नाव, योजना आणि हप्त्याची तारीख ठाऊक आहे त्याच्या बोलण्यावर विश्वास बसणे साहजिकच आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, तो गिरडच्या शेतकऱ्याचाही आहे.

शेवटचा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. पडताळणी सैल केली तर बोगस लाभार्थी शिरतील, म्हणून थोड्या खऱ्या लोकांना त्रास होणे अपरिहार्य आहे, असे प्रशासन सांगते. जनतेचा पैसा जपायलाच हवा. पण कडक पडताळणी आणि जलद दुरुस्ती यांत काही विरोध नाही. उलट दुरुस्तीची वाट सोपी असेल तरच पडताळणी कडक ठेवण्याचा नैतिक अधिकार मिळतो. यासाठी परदेशी नमुना शोधायची गरज नाही. २०१७ च्या उन्हाळ्यात महसूल विभागाने संगणकीकृत सातबाऱ्यांचे गावोगाव चावडी वाचन केले. नोंदी लोकांसमोर वाचल्या आणि चुका तिथेच टिपून घेतल्या. ज्यांच्याविषयी नोंद आहे त्यांनाच ती तपासू देणे, यापेक्षा चांगली चाचणी कोणत्याही सॉफ्टवेअर कंपनीकडे नाही. जमिनीची नोंद अशी उघड वाचावी. आधार, मोबाइल आणि कर्जाचा आकडा मात्र ज्याचा त्यालाच दाखवावा.

कायद्याचा पाया घातला गेला आहे. महाराष्ट्राच्या २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यात ठरलेल्या मुदतीत सेवा न देणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपयांचा दंड आहे. केंद्राच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने आपल्याविषयीची चुकीची माहिती सुधारून घेण्याचा हक्क मान्य केला असून, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. आता प्रत्येक प्रणालीने किती अर्ज स्वीकारले यासोबत चुकीच्या किती तक्रारी आल्या आणि सरासरी किती दिवसांत सुटल्या, हे तालुकावार जाहीर करावे. नाव जुळत नसल्यास कोणत्या नोंदीतले कोणते अक्षर जुळत नाही हे शेतकऱ्याला मराठीत कळवावे आणि साधी दुरुस्ती गावातच व्हावी. वाचकांनीही एवढे करावे: आपला सातबारा आणि आठ-अ वर्षातून एकदा काढून शब्दन्‌शब्द तपासावा, चूक दिसली तर तोंडी न सांगता लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी, आणि पुढच्या ग्रामसभेत हा एकच प्रश्न विचारावा: आमच्या नोंदीतली चूक दुरुस्त व्हायला किती दिवस लागतात?