जुना हेवी लेथ घेताना चकजवळचा बेड पाहा

हात बसलेला टर्नर स्वतःचे वर्कशॉप काढतो तेव्हा पहिला मोठा खर्च लेथचा. नवा परवडत नाही म्हणून बरेच कारागीर बंधू जुना घेतात. त्यात वावगे काही नाही. पण रंग पाहून बयाणा देऊ नये.

‘हेवी’ हा शब्द दलाल सढळपणे वापरतात. नुसता लांब बेड म्हणजे हेवी लेथ नव्हे. 300 मि.मी. व्यासाचा, एक मीटर लांबीचा पोलादी शाफ्ट साडेपाचशे किलो भरतो. तो पेलायला रुंद बेड व दणकट स्पिंडल हवा. साध्या पोलादावर 5 मि.मी. खोल काप, 0.4 मि.मी. फीड आणि मिनिटाला 80 मीटर वेग ठेवला, तर कापालाच सुमारे 8 हॉर्सपॉवर लागतात. तेथे 3 हॉर्सपॉवरची मोटर काय करणार? साखर कारखान्याचे रोलर घ्यायचे असतील तर हा हिशेब आधी करावा. मागाचे सुटे भाग करणाऱ्या भिवंडी-मालेगावच्या कारागिराला एवढे यंत्र लागतही नाही.

आता झीज. बहुतेक काम चकजवळ होते, म्हणून बेड तेथेच खातो. कॅरेज चकजवळ आणून तिच्या पट्ट्या तेथे नीट बसतील इतक्या आवळा आणि टेलस्टॉकच्या बाजूला सरकवा. वाटेत ती जड झाली किंवा अडकली, तर चकजवळचा बेड झिजला आहे असे समजा. मग चकमध्ये जाड सळई धरून, टेलस्टॉकचा आधार न देता, 300 मि.मी. अंतरावर दोन ठिकाणी हलका काप घ्या व मायक्रोमीटर लावा. फरक 0.02 मि.मी.च्या आत असेल तर उत्तम. जास्त असल्यास आधी बेडची लेव्हल तपासा. जमिनीवर वाकडा बसलेला चांगला लेथही टेपर देतो.

“बेड ग्राइंड करून घ्या, झाले!” असे विकणारा म्हणेल. तेवढ्याने होत नाही. ग्राइंडिंगनंतर कॅरेज खाली बसते, लीड स्क्रूशी तिचा मेळ सुटतो, टेलस्टॉकचे सेंटरही उतरते. कॅरेजखाली पट्टी चिकटवून स्क्रेपिंग करावे लागते, टेलस्टॉकही उचलावा लागतो. या साऱ्या कामाचा भाव आधी काढून आणा आणि तेवढी रक्कम किमतीतून कापून मागा.