पाहुणी ते रहिवासी
तारापूर एमआयडीसीत नवऱ्याची नोकरी, म्हणून संसार बोईसरला झाला. आता मुलगी न्यू जर्सीत. म्हणते, ‘आई, इथंच राहा.’ पण बी-२ व्हिसा पाहुण्याचा. मनात कायमचा मुक्काम ठरवून विमानतळावर ‘फिरायला आले’ सांगणं म्हणजे फसवणूक. म्हणून कायमच्या वास्तव्याचा अर्ज बोईसरहूनच केला. अमेरिकी नागरिक असलेलं २१ वर्षांवरचं मूल आईवडिलांसाठी आय-१३० हा अर्ज भरू शकतं. नुसत्या ग्रीनकार्डवर नाही. आईवडिलांना वार्षिक कोटाही नाही; भावंडांची मात्र वर्षानुवर्षांची रांग.

खरी दमछाक जन्मदाखल्याची. माझा जन्म डहाणूजवळच्या पाड्यावर, सुईणीच्या हातून. नोंद कुठली असणार? मग ‘नोंद आढळत नाही’ असा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला आणि थोरल्या मामांचं प्रतिज्ञापत्र. त्यात जुन्या कागदांवर जिल्हा ठाणे, पासपोर्टवर पालघर! १ ऑगस्ट २०१४ ला जिल्हा वेगळा झाला, हे परक्या अधिकाऱ्याला कसं कळावं? मी तसं टिपणच जोडलं.

ग्रीनकार्ड मिळाल्यावर वर्षाहून अधिक काळ गावी राहायचं असेल, तर री-एंट्री परमिटचा अर्ज अमेरिकेत असतानाच करा.