मायोनच्या पायथ्याचा कवी

फिलिपिन्सच्या आल्बाय प्रांतातील मायोन हा ज्वालामुखी आपल्या रेखीव शंकूमुळे जगभर वाखाणला जातो. परंतु त्याच्या पायथ्याशी नांदणाऱ्या माणसांना सौंदर्य आणि संहार ही दोन्ही एकाच दिशेला पाहावी लागतात. ३० नोव्हेंबर २००६ रोजी रेमिंग नावाचे चक्रीवादळ त्या मुलखावर कोसळले, उतारांवर साचलेली राख, वाळू आणि शिळा पावसाने सुटल्या, आणि चिखलाच्या त्या लोंढ्यांखाली पादांगसारखी गावे घरादारांसह गाडली गेली.

वादळानंतर थोड्याच दिवसांत लाव डियाझ हे दिग्दर्शक कॅमेरा घेऊन तेथे पोहोचले. वाचलेल्यांच्या जबान्या टिपता टिपता त्यांना एक कथा सुचली, आणि २००७ साली 'डेथ इन द लँड ऑफ एन्कान्तोस' हा सुमारे नऊ तासांचा कृष्णधवल चित्रपट सिद्ध झाला. एन्कान्तो म्हणजे वृक्षपर्वतांत वसणारी, माणसाला भुलवणारी अदृश्य योनी. तेव्हा 'यक्षभूमीतील मृत्यू' असे त्याचे नाव आपण लावू शकतो. व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा विशेष उल्लेख झाला.

कथानायक बेंजामिन आगुसान हा नामवंत कवी. रशियातील कालुगा येथे सात वर्षे अध्यापनात घालवून, तेथे प्रेम करून, पुत्राला मूठमाती देऊन आणि वेडाच्या अगदी उंबरठ्यापर्यंत जाऊन तो जन्मगावी परततो, तो आईबाप, बहीण आणि एकेकाळची प्रेयसी यांच्या मृत्यूचे देणे चुकते करण्यासाठी. रोडर कामान्याग यांनी रंगवलेला हा कवी शिल्पकार मैत्रीण कातालिना आणि जुना मित्र तिओदोरो यांच्याशी तासन्‌तास बोलत राहतो, आणि त्या बोलण्यातून त्याचे मन किती ढासळले आहे हे हळूहळू उमगते.

या व्याधीचे मूळ कवीच्या मस्तकात शोधावे की त्याच्या देशात, हा प्रश्न डियाझ यांनी मोकळा ठेवला आहे, आणि माझ्या मते चित्रपटाचे खरे मोल तेथेच आहे. कवीच्या मागे राजसत्तेने केलेल्या छळाची सावली आहे, आणि ती कल्पनेतून आलेली नाही: त्या वर्षांत फिलिपिन्समध्ये डाव्या कार्यकर्त्यांच्या हत्या होत होत्या, व फेब्रुवारी २००७मध्ये संयुक्त राष्ट्रांचे प्रतिवेदक फिलिप ऑल्स्टन यांनी तेथे चौकशीस जाऊन, लष्कर वस्तुस्थिती नाकारीत आहे असा ठपका ठेवला होता. ज्या समाजात कवीला हुकुमाने गप्प करता येते, तेथे त्याचे बरळणे हे रोगाचे लक्षण की साक्ष, हे सांगायला कोणता वैद्य पुढे येईल?

नऊ तासांचा अवधी ऐकून वाचक बिचकेल. मीही बिचकलो होतो. पण येथे कॅमेरा सहसा हलत नाही, दृश्य लवकर तोडले जात नाही, आणि मधूनमधून कल्पित कथा थांबून पादांगचे खरे रहिवासी बोलू लागतात: कोण वाहून गेले, कोण सापडले, कोण अजून सापडायचे आहे. त्या जबान्यांनंतर कवी पुन्हा चालू लागतो तेव्हा त्याच्या एकट्याच्या दुःखाला हद्द उरत नाही. पावलांखाली राख आणि दगड, त्यांच्याखाली कोणाचे छप्पर, कोणाची चूल. आणि मागे ढगांतून अर्धवट बाहेर आलेला, ऐन तारुण्यात ज्याच्यावर त्याने कविता लिहिल्या, तो मायोन.